कुर्डुवाडीचे पाच

परंड्याच्या पेठेत भरवशाचं घड्याळ एकच, गुरुलिंगअण्णांच्या कापडदुकानातलं. तहसील कचेरीतही एक होतं म्हणा, पण ते कचेरीच्याच चालीनं चालायचं, त्याला कुणी मनावर घेत नसे. अण्णांचं तसं नव्हतं. माल भरायला कुर्डुवाडीला गेले की ते आधी स्टेशनात शिरत आणि खिशातलं घड्याळ तिथल्या मोठ्या घड्याळाशी मिळवत. मग ते आतल्या खिशात जपत सीना नदी ओलांडायची, नाक्यावर कापडाच्या गठ्ठ्यांची जकात भरायची आणि दुकानात पाऊल टाकल्यावर, पायसुद्धा न धुता, भिंतीवरचं घड्याळ त्याच्याशी जुळवायचं. "नाक्यावर सगळ्याला जकात पडती, येळेला पडत न्हाय," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. इंग्रजी अमलातली वेळ आपण निजामाच्या मुलखात आणतो याचा त्यांना कोण अभिमान! जाणारायेणारा पायरीशी थांबून "किती वाजले, अण्णा?" म्हणून विचारी, आणि अण्णा मान न वळवता सांगत. टोल्यांच्या अंदाजानं काटा कुठं असेल ते त्यांना पाठच झालं होतं.

बेचाळीसच्या पावसाळ्यात दत्तोपंतांनी बातमी आणली. दत्तोपंत शाळामास्तर, दुकानाच्या ओट्यावरचा त्यांचा कोपरा ठरलेला. लढाई चालू होती, म्हणून इंग्रज सरकारनं आपल्या मुलखातली सगळी घड्याळं तासभर पुढं ढकलली होती. परंड्यात चार वाजले की कुर्डुवाडीच्या स्टेशनात आता पाच वाजणार होते.

"आन् मधला तास गेला कुठं?" वीरभद्रनं विचारलं. त्याचं शेजारीच धान्याचं दुकान होतं, पण तो स्वतःच्या गादीपेक्षा अण्णांच्या ओट्यावरच जास्त सापडायचा.

"जायचाय कुठं? काळावर आपण आकडे लिहितो, तेवढे पुसून दुसरे लिहिले," दत्तोपंत म्हणाले. त्यांना असला विषय मिळाला की चहाचं भान राहत नसे. त्यांनी समोरचा मांजरपाटाचा तागा ओढला. "हे बघा. याला लांबी आहे, रुंदी आहे, घडी घालून रचला की उंची आहे. तिन्ही डोळ्यांना दिसतात. चौथं एक माप आहे, ते दिसत नाही. तुम्ही म्हणालात ओट्यावर भेटू, तर ओटा मला ठाऊक आहे. पण केव्हा? ते चुकलं तर मीही इथंच येणार, तुम्हीही इथंच येणार, आणि भेट व्हायची नाही."

अण्णांना त्या चौथ्या मापाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा पारा चढला होता तो वेगळ्याच कारणानं. इतकी वर्षं ज्या घड्याळाला गुरू मानलं, त्यानंच असा खोटेपणा करावा? "सूर्य काय त्यांचा नोकर हाय?" ते कडाडले. "ढकलू द्या त्यांची. माझं घड्याळ काट्यानं बी हलणार न्हाय!"

ओट्यावर वाहवा झाली. वीरभद्रनं तर पेठभर करून टाकलं की आमचे अण्णा लाटसाहेबाला मोजत नाहीत. लोक मुद्दाम थांबून घड्याळाकडे कौतुकानं बघू लागले, आणि खरं सांगायचं तर अण्णांना ते फार गोड लागलं. कुर्डुवाडीला जायची वेळ आली की मात्र ते गुपचूप एक तास धरून निघायचे. मालाची गाडी चुकली तर पंचाईत त्यांचीच होती ना.

शिवगंगा त्यांच्याच गल्लीतली. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा शरणप्पा. तो मोटार चालवायला शिकला आणि एक दिवस पुण्याकडे जाऊन पलटणीत नाव घालून आला. निरोप घ्यायला आला तेव्हा मायलेकरांचं वाजलं. "तिथं कुणाच्याबी पंगतीत जेवशील, मग गळ्यात लिंग तरी कशाला मिरवतुस?" असं ती रागाच्या भरात बोलून गेली. लिंगायताच्या पोराच्या गळ्यात जन्मल्या जन्मल्या इष्टलिंग बांधतात, ते मेल्यावर त्याच्या हातात देऊन त्याच्यासह पुरतात. मधे ते अंगावेगळं करायचं नसतं. शरणप्पानं शिवदोरा मानेतून काढला, लिंगाची चांदीची डबी खुंटीला अडकवली आणि "ठेव तुझ्यापाशीच" म्हणून निघून गेला. डबी खुंटीला तशीच राहिली. तिच्याकडे बघत शिवगंगाला घास गिळवत नसे.

मार्गशीर्षात बलभीम नावाचा शेजारच्या गावचा शिपाई रजेवर आला, त्यानं शरणप्पाचा निरोप आणला. त्यांची पलटण पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या बाजूला चालली होती. सोमवारी सांजच्याला गाडी कुर्डुवाडीला इंजिनाच्या पाण्यासाठी थांबेल. आईनं येताना खुंटीवरची डबी आणावी.

शिवगंगा धावतच दुकानाशी आली. तिला हसू येत होतं आणि डोळेही पुसायचे होते.

"अण्णा, सोमवारी टेशनच्या घड्याळात पाच वाजता गाडी येतीया. म्या पहाटंच निगते. पर बैल म्हातारे, दीर म्हातारा. पोचंन का?"

"पहाटं कशाला थंडीत कुडकुडत?" अण्णा म्हणाले. "नवाचे टोले पडले की निघ. ऊन-ऊन भाकरी करून घे लेकाला. साडेचाराला टेशनात असशील."

बोलता बोलताच त्यांना आठवलं. टेशनच्या घड्याळात पाच म्हणजे इथले चार. तोंड उघडलंही होतं. पण वीरभद्र ओट्यावर बसला होता, त्याच्याभोवती बाजारला आलेली चार माणसं होती, आणि तो नेमका त्यांना सांगत होता, "बगा, कुर्डुवाडीची गाडीबी आमच्या अण्णांच्या घड्याळावर धरत्यात लोक!" चौघांनी घड्याळाकडे बघितलं. आता या चौघांसमोर म्हणायचं, की थांब बाई, माझ्या घड्याळावर जाऊ नकोस, एक तास लवकर निघ? अण्णांनी तोंड मिटलं. सोमवारपर्यंत दोन दिवस आहेत, सांगू सावकाश घरी जाऊन, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

रविवारी लग्नाचं गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी अण्णा शिवगंगाच्या दारावरून गेले तेव्हा ती चुलीशी होती, शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा वास गल्लीभर सुटला होता. मोठ्यानं हाक मारावी तर शेजारी बाया बसलेल्या. सकाळी सांगू, नवाच्या आत काय जातेय.

सकाळी ते उशिरा दुकानात आले. नऊ वाजले, टोले पडले, आणि गाडी पेठेतून निघाली. शिवगंगानं गाडीतूनच हात जोडले. ते अण्णांना की घड्याळाला, कोण जाणे.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. वीरभद्रच्या दारात त्याचं तट्टू बांधलेलं होतं. ते घेतलं असतं तर नदीच्या आधी गाडी गाठता आली असती, आणि म्हाताऱ्या बैलांना जरा पिटाळून तास नाही तरी अर्धा तास भरून काढता आला असता. पण तट्टू कशाला पाहिजे, असं वीरभद्रनं विचारलं असतं. अण्णा गादीवर बसून राहिले. दहा वाजले. अकरा वाजले. एका गिऱ्हाइकाला त्यांनी तीन गजांऐवजी चार गज फाडून दिलं. दुपारी घड्याळानं चार टोले दिले. तिकडे गाडी फलाटाला लागली असणार.

दुसऱ्या दिवशी शिवगंगा परत आली ती सरळ अण्णांच्या घरी, त्यांच्या बायकोपाशी, इरम्मापाशी गेली. अण्णा आतल्या खोलीत होते, त्यांना सगळं ऐकू आलं. गाडी येऊन गेली होती. फलाटावरच्या पाणीवाल्यानं सांगितलं, की एक उंच पोरगा नळापाशी उभा राहून सारखा रस्त्याकडे बघत होता, परंड्याची बैलगाडी दिसती का म्हणून ज्याला त्याला विचारत होता. शिट्टी झाली तरी चढेना, मग दोघांनी ओढून डब्यात घेतला. शिवगंगा त्याच नळापाशी जाऊन उभी राहिली होती. खाली त्यानं सांडलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं.

"माझंच चुकलं इरम्मा," ती म्हणत होती. "अण्णांनी बरुबर येळ सांगितली हुती. म्या मदी नदीवर बसले. बैलांनी पानी प्यालं, आन् माझ्या मनात आलं, एवडं बोलून गेला, त्याला तोंड कसं दावू. म्हून जरा बसले. जराच बसले गं. पर तेवड्यात येळ गेला असंल."

इरम्मा तिची पाठ चोळत राहिली. अण्णा आतल्या अंधारात उभे होते. बाहेर यायला चार पावलं होती आणि सांगायला एक वाक्य होतं. त्यांना शरम वाटली, आणि शरमेच्या खाली आणखी एक गोष्ट वाटली, तिची शरम त्यांना पुढं जन्मभर पुरली. त्यांना हायसं वाटलं होतं.

शरणप्पा परत आला नाही. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली. ब्रह्मदेशाच्या रानात कुठंतरी त्याची लॉरी उडाली होती. हातात लिंग द्यायला हात नव्हता, पुरायला माती नव्हती. शिवगंगानं खुंटीवरची डबी काढली आणि आपल्या लिंगाशेजारी स्वतःच्याच गळ्यात घातली. तेव्हापासून तिच्या गळ्यात दोन शिवदोरे दिसू लागले.

ती नदीवरची बैठक मात्र वाढत चालली. पहिल्या वर्षी ती म्हणायची, जरा बसले. तार आल्यावर म्हणू लागली, घटकाभर बसले. पुढं पुढं तर तिला खात्रीच झाली, की आपण सीनेच्या काठाला अर्धा दिवस काढला, सूर्य डोक्यावरून उतरला तरी उठलो नाही. दिराला विचारावं तर त्या म्हाताऱ्याला कालचं आठवत नसे. "रागानं बसले म्या," ती इरम्माला सांगायची. "लेकराला बिनलिंगाचं धाडलं." अण्णा घरात असले की उठून परसात जायचे.

कापड फाडताना त्यांच्या मनात येई, की समोरचा तागा कसा हवा तसा उलगडता येतो, पुन्हा गुंडाळता येतो, मधेच कुठं डाग असेल तर माणूस मागं जाऊन बघू शकतो. दत्तोपंतांचं ते चौथं माप तेवढं एकाच बाजूनं उलगडतं. त्या सोमवारचे नऊ कुठंतरी आहेतच की, गाडी पेठेतून निघतेच आहे, तट्टू दारात आहेच. फक्त तिथं जायला पाय नाहीत. आणि तिकडे त्या बाईच्या मनात एक घटका फुगून अर्ध्या दिवसाएवढी झाली होती. ती टाचणी लावून फोडणं त्यांच्या हातात होतं. अण्णा रोज दुकान उघडत, घड्याळाला किल्ली देत आणि गप्प बसत. गप्प बसायचीही माणसाला सवय होते.

पंचेचाळीसच्या नवरात्रात दत्तोपंतांनी दुसरी बातमी आणली. लढाई संपली होती, सरकारनं घड्याळं पुन्हा तासभर मागं घेतली होती.

वीरभद्रला एवढंच हवं होतं. त्यानं समोरून सगळ्यांना चहा मागवला. "जिंकलं आमच्या अण्णांनी! सगळं सरकार माघारी फिरलं, अण्णांचा काटा हलला न्हाय!" ओट्यावर हसू फुटलं. अण्णांच्या हातात कप होता, तो त्यांनी ओठाला लावला नाही. कारण पायरीशी शिवगंगा उभी होती. देवीसाठी खण घ्यायला आली होती.

"काय झालं, अण्णा?" तिनं विचारलं.

उत्तर वीरभद्रनंच दिलं, मोठ्या हौसेनं दिलं. "अक्का, तीन वर्सं कुर्डुवाडीचं घड्याळ आपल्या फुडं एक तास पळत हुतं. अण्णा पयल्या दिशीच म्हनले हुते, माझं हलनार न्हाय. आज मिळालं बगा दोन्ही!"

शिवगंगानं हातातला खण खाली ठेवला.

"तीन वर्सं?"

"तीन वर्सं झाली की."

"म्हंजी शरणू गेला तवाबी?" तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. पण ती बोटांवर काहीतरी लावत होती, हळूहळू, एकेक बोट मिटत. "इथं चार हुते तवा तितं पाच. आन् म्या पोचले तवा पानीवाला साडेपाच झाले म्हनला हुता. म्हंजी इथले साडेचारच."

वीरभद्रचं हसू तोंडावरच राहिलं. दत्तोपंतांनी अण्णांकडे बघितलं. ते त्या आठवड्यात भूमला गेले होते, अण्णांनी तिला काय सांगितलं ते त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"अण्णा," शिवगंगा म्हणाली, "तुमाला ठाव हुतं?"

ध्यानातून गेलं, असं म्हणता आलं असतं. तीन वर्षं हे दोन शब्द अण्णांनी जिभेखाली तयार ठेवले होते. ओट्यावरच्या प्रत्येकाला ते शब्द हवे होते, हे त्यांना तोंडावरून दिसत होतं. कदाचित तिलाही हवे असतील.

"व्हय," अण्णा म्हणाले. "ठाव हुतं."

"मला सांगताना?"

"सांगताना. आन् तू निघालीस तवाबी."

आता ती शिव्या देईल, छाती बडवेल, असं अण्णांना वाटलं. देऊ दे, असंच वाटलं. पण शिवगंगा पायरीवर खाली बसली आणि तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं, डोक्यावरचा भारा उतरवताना बाईचं होतं तसं.

"म्हंजी म्या नदीवर लई बसले न्हवते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "बैलांनी पानी प्यालं तेवडीच बसले. मला वाटतच हुतं. जराच बसले हुते म्या."

हे अण्णांना सोसवलं नाही. तिचा हा मोकळा श्वास तीन वर्षं त्यांनी आपल्यापाशी दाबून ठेवला होता, एका शब्दाचं काम होतं, आणि ते रोज तिच्यासमोरून धुतलं धोतर नेसून दुकानात येत होते. त्यांना स्वतःची किळस आली. ते उठले, भिंतीशी गेले, घड्याळाची काच उघडली आणि लंबक हातात धरला. टकटक थांबली.

"सोडा तो," शिवगंगा पायरीवरून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्याला बंद करून तुमी सुटाल. म्या कुठं सुटते? चालू ऱ्हाऊ द्या."

अण्णांनी लंबक सोडला. शिवगंगा उठली, खण तिथंच राहिला. चहा कुणी प्यालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर कुणी नव्हतं. वीरभद्र आपल्या गादीवर पाठ करून बसला होता. अण्णांनी दुकान उघडलं, किल्ली दिली, तागे लावले. शिवगंगा गल्लीतून आली आणि पायरीशी थांबली.

"किती वाजले, अण्णा?"

अण्णांनी पहिल्यांदाच मान वळवून घड्याळाकडे बघितलं. दोनदा बघितलं.

"साडेआठ."

"कुठले?"

"इथले," ते म्हणाले. आणि मग कसंबसं, "कुर्डुवाडीचेबी साडेआठच."

"आता," शिवगंगा म्हणाली, आणि गळ्यातले दोन्ही दोरे पदराखाली सारून चालू लागली.